दहा बोटांचा हिशेब

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींच्या आसपास आपल्या वस्त्या आहेत. त्यातील कोणत्याही वस्तीत गेलो तरी चहाचा कप डाव्या हाताने उचलणारा एखादा बांधव आम्हाला भेटतोच. उजव्या हाताची दोन बोटे "प्रेसमध्ये गेली" असे तो सांगतो. कोणत्या साली गेली, कोणत्या पाळीत गेली, हे त्याला नेमके आठवते. पण का गेली, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच असते, "कारखान्यात काम करायचे म्हणजे हे चालायचेच." घरातली मंडळीही मान डोलावतात.

आम्हाला हे "चालायचेच" मान्य नाही. नशीब आणि प्राक्तन या शब्दांना आपण आपल्या घरातून केव्हाच निरोप दिला आहे. मग कारखान्याच्या फाटकात शिरताना ते पुन्हा खिशात का घालावेत? बोट तुटते त्याला कारण असते, आणि ते कारण यंत्राजवळ उभे राहून डोळ्यांनी पाहता येते. म्हणून या आठवड्यात आम्ही कामावरच्या सुरक्षिततेविषयी लिहीत आहोत. हा मजकूर कामावर जाणाऱ्याने तर वाचावाच, पण त्याचा डबा भरून देणाऱ्या भगिनीनेही वाचावा.

प्रेसपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या मुलांच्या हाताला पहिले यंत्र लागते ते बहुधा हेच. आयटीआय झालेला असो वा नसो, गेटवर उभा राहिलेला मुलगा आठवड्याच्या आत प्रेसवर बसवला जातो. पत्र्यावर ठोका मारून त्याला आकार देणारे हे यंत्र. लहान वर्कशॉपमध्ये जे जुने प्रेस असतात त्यांत मोठे चाक सतत फिरत असते. पायाने पायडल दाबले की एक चावी त्या चाकात अडकते आणि वरचा रॅम खाली येतो. एकदा चावी अडकली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. मध्येच पाय उचलून काही उपयोग नसतो. त्याहून वाईट म्हणजे ती चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली, तर पायडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. यालाच डबल स्ट्रोक म्हणतात. तयार झालेला तुकडा काढण्यासाठी हात डायमध्ये गेलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी ठोका पडतो. "पोराचे लक्ष नव्हते" असे मग सुपरवायझर सांगतो. लक्ष असते तरी काय झाले असते? मुळात हात डायमध्ये जायलाच नको होता.

हात आत जाऊ नये म्हणून उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहेत. डायच्या भोवती अशी जाळी किंवा पट्टी लावायची की पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. तुकडा ठेवायला आणि उचलायला चिमटा किंवा लोहचुंबकाची दांडी वापरायची. पायडलवर आच्छादन असावे, म्हणजे वरून पाना पडला तरी प्रेस चालू होणार नाही. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन हातांची बटणे. दोन्ही बटणे एकदम दाबल्याखेरीज रॅम खालीच येत नाही. दोन्ही हात बटणांवर गुंतले म्हणजे डायमध्ये जाणार कोण? प्रकाशाच्या किरणांचा पडदाही असतो. त्यात हात आडवा आला की प्रेस थांबतो. पण हा पडदा मध्येच थांबू शकणाऱ्या, हवेच्या क्लचच्या प्रेसवरच कामाचा आहे. जुन्या चावीच्या प्रेसवर कोणी तो लावून "आता निर्धास्त काम करा" म्हणाला, तर विश्वास ठेवू नका. डबल स्ट्रोकचे औषध मात्र एकच, वेळच्या वेळी दुरुस्ती. एकदा जरी प्रेस आपोआप पडला तरी तो तिथेच बंद करून सांगावे. "एवढी पाळी काढू, उद्या बघू" यात बोटे जातात.

आता खरी अडचण सांगतो. या सर्व सोयी काही कारखान्यांत असतात, आणि तरी वापरल्या जात नाहीत. दोनपैकी एका बटणात काडी खोचून किंवा रबर बांधून ते दाबून ठेवलेले आम्ही पाहिले आहे. जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि तपासणीला साहेब येणार म्हटले की परत बसते. का? तर जाळीमुळे तासाला तुकडे कमी निघतात आणि टार्गेट हुकते. टार्गेट ठरवणारा एसीत बसतो आणि काडी मात्र कामगार आपल्या हाताने खोचतो, असा हा व्यवहार आहे.

यात एक कायद्याची गोम आहे, ती प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत एक तरतूद चालत आली आहे. सुरक्षिततेसाठी बसवलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व वगळता मालक भरपाईची जबाबदारी नाकारू शकतो. दारू पिऊन कामावर आलेल्यालाही हाच नियम. दोन बोटे जाणे म्हणजे संपूर्ण अपंगत्व नव्हे. म्हणजे जाळी काढायला तोंडी सांगितले मुकादमाने, माल जादा निघाला मालकाचा, आणि कागदावर दोष आला बोटे गमावलेल्या मुलाच्या माथी. म्हणून जाळी काढायला कोणी सांगितले तर त्याचे नाव, तारीख आणि वेळ घरी येऊन वहीत लिहून ठेवा. शेजारच्या मशीनवरच्या सोबत्यालाही सांगून ठेवा. पण त्याआधी, जाळी काढू नका.

थकलेला हात आणि जादा पाळी

अपघाताच्या कारणांत थकव्याचा नंबर बराच वरचा आहे, हे कोणताही जुना कामगार सांगेल. सलग दुसरी पाळी केलेल्या माणसाचे हात सवयीने चालत असतात. डोके झोपलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणींना भेट देऊन ते स्वतः खाणीत खाली उतरले होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आपण हे जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. आमचे म्हणणे एवढेच की ४८ तास ही सुरक्षिततेचीही बाब आहे. ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने घरात फ्रीज येतो हे खरे, आणि दुप्पट दर हा कायद्याने दिलेला हक्कच आहे. पण रात्रपाळी करून लगेच दिवसपाळीला उभे राहणे म्हणजे तो फ्रीज फार महाग विकत घेणे आहे. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दुपारी चार-पाच तास गाढ झोप मिळाली पाहिजे. एका खोलीच्या घरात ते अवघड असते. मुलांना शेजारी किंवा विहाराच्या आवारात पाठवा, टीव्ही बंद ठेवा, आलेल्या पाहुण्याला थोडा वेळ ओट्यावर बसवा. पाहुणा रागावला तर रागावू द्या.

कपड्यांविषयीही घरातूनच काळजी घेता येते. फिरत्या यंत्राजवळ ढिली बाही, मफलर, लोंबता पदर, ओढणी, मोकळे केस, मनगटाचा दोरा, अंगठी यांपैकी काहीही नको. लेथचा चक किंवा ड्रिलचा बिट कपड्याचे टोक पकडतो तेव्हा माणसाला हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. पॅकिंग आणि असेंब्लीच्या लाइनवर काम करणाऱ्या आमच्या भगिनींनी पदर खोचून वर एप्रन घालावा, बांगड्या घरी ठेवाव्यात. कोणी नावे ठेवली तर ठेवू द्यावीत. आणि एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. पत्रा उचलताना हातमोजे हवेतच, पण फिरत्या ड्रिलवर किंवा लेथवर हातमोजे घालू नयेत. मोजा अडकला की त्याच्याबरोबर हातही जातो.

ग्राइंडरवर चष्म्याशिवाय उभे राहू नये, चाकावरचे आच्छादन काढू नये आणि नवीन चाक बसवल्यावर पहिला मिनिटभर बाजूला उभे राहावे. तडा गेलेले चाक असेल तर ते तेवढ्यात फुटते. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ झाडण्याची सवय सर्वत्र दिसते, तीही वाईट. आणि तरुण मुले गंमत म्हणून एकमेकांच्या अंगावर, विशेषतः पाठीमागून, हवेची नळी लावतात तो प्रकार तर जिवावरचा आहे. त्या दाबाने आतडी फाटून माणसे मेली आहेत. आपल्या घरातल्या मुलाला हे बजावून सांगा.

विजेचे काम वायरमनलाच करू द्यावे. मशीन दुरुस्तीला घेताना मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि "काम चालू आहे" अशी पाटी टांगावी. कुलपाशिवाय नुसत्या पाटीवर विसंबून राहू नये, कारण पाटी न वाचता स्विच टाकणारा कोणी ना कोणी असतोच. स्विच बंद केल्यावरही प्रेसचे चाक बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्यावरच डायला हात लावावा. कोणाला शॉक लागला तर त्याला धरू नका. आधी वीज तोडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा.

टाकीत उतरताना

आता ज्या कामाविषयी लिहिताना आमचा हात जड होतो त्याकडे वळतो. कारखान्याच्या सांडपाण्याची टाकी, सोसायटीची सेप्टिक टँक, रस्त्याखालचे गटार. ही साफ करायला कोणाला बोलावतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कायमच्या कामगाराला कोणी सांगत नाही. नाक्यावरून दोघे आणले जातात, पाचशे-हजार हातावर ठेवायचे कबूल होते, आणि झाकण उघडले जाते.

आत साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, म्हणून माणसे समजतात की वास आला की बाहेर पडू. येथेच घात होतो. वायूचे प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास गेला असे वाटते, प्रत्यक्षात मरण जवळ आलेले असते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि गाळ ढवळला की एकदम उसळतो. शिवाय बंद टाकीत प्राणवायूच कमी असतो. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की ती जागा माणसासाठी धोक्याची. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क येथे काहीच करत नाही, कारण रुमालातून प्राणवायू निर्माण होत नाही. काडी पेटवून पाहणे तर वेडेपणाच, कारण आत मिथेनही असतो आणि तो भडकतो.

एकाच टाकीत दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिला आत पडतो; वर उभा असलेला त्याचा भाऊ किंवा मेहुणा तसाच उडी घेतो आणि तोही बाहेर येत नाही. माया तशीच असते, त्याला दोष देता येणार नाही. पण वाचवायचे असेल तर वर उभे राहूनच वाचवावे लागते. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला वर तिपाई आणि ओढायला माणसे. आधी यंत्राने वायूची तपासणी, पंख्याने आत ताजी हवा, आणि उतरणाऱ्याच्या तोंडावर बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा. एवढे नसेल तर कोणीही उतरू नये, पैसे दुप्पट दिले तरी नाही. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंत, १९९३ पासूनच्या प्रकरणांनाही धरून, वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख. ठेकेदार कुटुंबाला लाख-दोन लाख हातात ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागत असेल, तर हे आकडे त्या घरातल्या कोणाला तरी माहीत असले पाहिजेत.

नकार कसा द्यावा

हे सगळे ठीक आहे, पण "नाही" म्हटले तर उद्या कामावर घेतील का, हा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. ठेकेदाराकडच्या मुलाला कोणी काढून टाकण्याचीही तसदी घेत नाही. उद्या गेटपासच निघत नाही. म्हणून एकट्याने भांडू नये, असे आमचे मत. चौघांनी मिळून सांगावे आणि "काम करणार नाही" याऐवजी "जाळी बसवून द्या, लगेच सुरू करतो" असे म्हणावे. हे वाक्य सुपरवायझरला वर सांगता येते. कायदाही येथे आपल्या बाजूला आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळची वायुदुर्घटना झाली, आणि १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला धोक्याची माहिती मागण्याचा आणि धोका दिसल्यास तो वर कळवण्याचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. तिच्या कामगारविरोधी बाजूंविषयी संघटना बोलत आहेत, बोललेच पाहिजे. मात्र हे दोन हक्क त्या संहितेतही आहेत, आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे असेही तिच्यात म्हटले आहे. गंभीर धोका दिसला तर मालकाला कळवतानाच निरीक्षकालाही कळवता येते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. साधा पोस्टकार्डाएवढा अर्जसुद्धा चालतो, फक्त त्याची पोच किंवा फोटो जवळ ठेवा.

अपघात झालाच तर पहिल्या तासाभरात काय होते यावर पुढचे सारे अवलंबून असते. तुटलेले बोट फेकून देऊ नये. ते स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवून जखमी माणसाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले तर ते जोडण्याच्या कामाचे राहत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. डोळ्यात ॲसिड किंवा कॉस्टिक गेले तर पंधरा-वीस मिनिटे नळाखाली सतत डोळा धुवावा, मगच दवाखान्याचा रस्ता. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई लावणारे अजूनही आहेत. वाहते थंड पाणी वीस मिनिटे, एवढेच करावे.

यानंतर कागद. कारखान्याची गाडी जखमीला बहुधा ओळखीच्या खासगी डॉक्टरकडे नेते आणि वाटेत कोणीतरी प्रेमाने सांगतो, "घरी पडलो म्हणून सांग, सगळा खर्च आपण करू." पहिल्या चार दिवसांचा खर्च होतोही. नंतर फोन उचलला जात नाही, आणि केस-पेपरवर "घरी पडून इजा" असे लिहिलेले असते. ते शब्द पुढे पुसता येत नाहीत. डॉक्टरांना खरे ते सांगावे, तारीख, वेळ आणि मशीनसकट, आणि ते पेपरवर लिहिल्याची खात्री सोबतच्या माणसाने करून घ्यावी. कारखान्याच्या अपघात वहीत नोंद करायला लावावी.

पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर तुटलेल्या बोटाची रक्कम मालकाच्या मर्जीवर नसते. कामावरच्या अपघातासाठी हा विमा पहिल्या दिवसापासून लागू असतो. बरे होईपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, कायमचे अपंगत्व राहिले तर अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात, आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना. नियम मोडून, पण मालकाच्याच कामासाठी केलेल्या कृतीतला अपघातही या विम्यात सहसा धरला जातो. पण त्यासाठी विमा क्रमांक हातात हवा. अपघात झाल्यावर धावपळीत नोंदणी करणारे ठेकेदार आम्हाला माहीत आहेत. नवीन नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात नेमणूकपत्र, विमा क्रमांक आणि ठेकेदाराचे पूर्ण नाव व पत्ता मागून घ्यावा. जन्माचे, जातीचे दाखले ज्या पेटीत जपून ठेवलेले असतात त्याच पेटीत या कागदांच्या झेरॉक्स ठेवाव्यात, आणि त्या कुठे आहेत ते पत्नीला, आईला माहीत असावे, कारण दवाखान्यातून फोन येतो तो तिलाच.